न सुटलेली नाडी

पत्र आलंय ते आधी देते, थोडं कापलंय, गावाचं आणि दोस्ताचं नाव काढलंय.

"मावशी नमस्कार. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, वय २५, सध्या पुण्यात आयटीत. मागच्या महिन्यात रूममेटचं 'द काइट रनर' वाचलं आणि दोन रात्री झोप नाही, कारण तसलंच काहीतरी मी पण केलंय. दहावीपर्यंत माझा एकच जिगरी दोस्त होता. त्याच्या घरात कन्नड बोलायचे, आई गोकाककडची, पण शाळा आमचीच, मराठी. मला कन्नड विषय जमायचा नाही, ओत्तक्षरं, म्हणजे कन्नडची जोडाक्षरं, तर डोक्यावरून जायची. त्यानं सायकलच्या सीटवरच्या धुळीत बोटानं काढून काढून शिकवली, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, कन्नडात ७१ पडले ते त्याच्यामुळं. रोज त्याच्याच सायकलवर मागं बसून शाळेला जायचो. दहावीच्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, एक तारखेला त्यांचा राज्योत्सव, आपला काळा दिवस, तेव्हा आपल्याकडं मराठी-कन्नड वातावरण कसं असतं तुम्हाला माहीतच आहे, स्टॉपजवळ गावातल्या चार मोठ्या पोरांनी त्याला अडवलं. घरात कानडी बोलतोस मग आमच्या शाळेत कशाला, वगैरे. सायकलची चेन काढून गटारात टाकली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसलो. नाडी सुटलीच नव्हती मावशी. मग टमटम आली, मी बसून घरी गेलो. तो चार किलोमीटर सायकल ढकलत आला. नंतर काही बोलला नाही, पण सकाळी मला हाक मारायला यायचा ते बंद झालं. परीक्षा झाली, मी बेळगावला पीयूसीला (अकरावी-बारावी), तो आयटीआयला. आता त्याचं हायवेला टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्या पोरांतले दोघं गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत, दोस्त पण आहे, ते अजून त्याला 'आमचा कानडी' म्हणतात, सगळे हसतात, मी पण एखादा स्मायली टाकतो, तो विषय वेगळा. ह्या सगळ्यावर मी कादंबरी लिहायला घेतलीय, ४० पानं झालीत, शेवटी हीरो परत जाऊन माफी मागतो. गणपतीला गावी जाणार आहे. त्याला ती पानं द्यावीत का? की मोठा मेसेज टाइप करून ठेवलाय तो पाठवू? की कन्नडमध्ये बोलून माफी मागू? की राहू दे आता, दहा वर्षं झाली?"

अरे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळेला एकाच ठिकाणी अडकले, नाडी सुटलीच नव्हती. चाळीस पानं कशाला लिहिलीस रे बाबा, तुझी कादंबरी त्या तीन शब्दांत आलीय की.

आधी उत्तर सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. जा, भेट. पानं नेऊ नकोस, मेसेज पाठवू नकोस, कन्नडचं तर डोक्यातनंच काढ. का ते सांगते, पण त्यासाठी पुस्तकांकडनं जावं लागणार कारण तुझं हे सगळं पुस्तकातनंच उकरून वर आलंय. ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांचा सस्पेन्स फुटणार, त्याला इलाज नाही.

'काइट रनर'मध्ये काय होतं? काबूल, १९७५ चा हिवाळा, पतंगाचा दिवस, बारा वर्षांचा अमीर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून आपल्या दोस्तावर, हसनवर, काय अत्याचार चाललाय ते बघतो आणि पळून जातो. म्हणजे त्याची नाडी. पुढं त्याला हसनचं तोंड बघवत नाही, म्हणून त्याच्याच गादीखाली पैसे आणि घड्याळ ठेवून चोरीचा आळ आणतो. मग अमेरिका, लग्न, लेखक म्हणून नाव, आणि २००१ साली परत जातो तेव्हा कळतं की हसनला तालिबाननं गोळ्या घालून मारलंय. मग त्याच्या पोराला सोडवून आणतो, मार खातो, आपल्यालाही रडू येतं. बरोबर?

दुसरं एक आहे, जॉन नोल्सचं 'अ सेपरेट पीस', १९५९ चं, मिळालं तर वाच. अमेरिकेतली बोर्डिंग शाळा, १९४२ चा उन्हाळा, बाहेर महायुद्ध चाललेलं, आणि जीन-फिनी असे दोन रूममेट. नदीवर झुकलेल्या झाडावरनं पाण्यात उडी मारायचा ह्यांचा खेळ. एक दिवस दोघं फांदीवर उभे असताना जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते, फिनी खाली पडतो, पाय मोडतो. मुद्दाम हलवली का? जीनलाच धड सांगता येत नाही. पुढं फिनीचा तोच पाय परत मोडतो, आणि हाड बसवायच्या ऑपरेशनमध्ये तो जातो.

आता बघ हं. दोन्ही पुस्तकांत दोस्त मरतो. लेखकाला दोष देत नाहीये, दोन्ही पुस्तकं मला आवडतात, पण दोस्त मेला की हीरोचं एक काम सोपं होतं, समोरनं कोण म्हणणारच नसतं की अरे थांब, तसं नव्हतं झालं. सगळी पानं हीरोच्या अपराधाला मिळतात. हसनला त्या गल्लीनंतर काय वाटलं ते आपल्याला अमीर सांगतो, म्हणजे जो पळाला तो. तुझा दोस्त मेलेला नाही. हायवेला त्याचा कॉम्प्रेसर चालू आहे, गिऱ्हाईक येतंय, तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतोय, आणि तू पुण्यात बसून त्याचा शेवट लिहायलास.

आणि मेसेजबद्दल. त्याच 'सेपरेट पीस'मध्ये जीन सुट्टीनंतर फिनीच्या घरी जातो, तो खुर्चीत पाय ठेवून बसलेला, आणि जीन एकदम ओकून टाकतो की फांदी मीच हलवली. काय होतं माहितेय? फिनी चिडतो, ऐकूनच घेत नाही, जा म्हणतो. आणि जीनला तिथं उभ्या उभ्या कळतं की पाय मोडला त्यापेक्षा मोठी जखम आपण आत्ता करतोय, स्वतःचं ओझं उतरवायला त्याच्या अंगावर टाकतोय. शब्द मागं घेतो. कबुली नेहमी चांगलीच असते असं आपण धरून चालतो ना, तसं नसतंय. तुझा तो तीन स्क्रीनचा मेसेज त्याला दुपारी जॅक लावताना वाचायला लागणार, हात ऑइलचे, आणि खाली दोन निळ्या टिका दिसल्या की तू पुण्यात श्वास रोखून बसणार, काय उत्तर देतोय म्हणून. म्हणजे परत त्यालाच कामाला लावलंस की. अमीर पण हेच करतो बघ, टेकडीवर हसनला डाळिंबं फेकून मारतो, तू पण मला मार म्हणतो, म्हणजे एकदाचा हिशेब मिटला. हसन काय करतो? एक डाळिंब उचलतो आणि स्वतःच्याच कपाळावर फोडतो. माफी 'मागणं' म्हणजे कधीकधी हे डाळिंब असतंय.

आता दोस्त जिवंत असलेली दोन सांगते, ती तुझ्या जास्त कामाची.

डिकन्सचं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स', १८६०-६१ मध्ये साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आलेलं. पिप हा लोहाराच्या घरातला पोरगा, त्याला कुणाचातरी पैसा मिळतो आणि तो लंडनला साहेब होतो. ज्यो गार्जरी, त्याच्या बहिणीचा नवरा, ज्यानं लहानपणी त्याला जीव लावला, तो एकदा भेटायला येतो. तो सीन मी कितीदा वाचलाय देव जाणे. ज्यो चांगले कपडे घालून आलाय, पिपला मधनंच 'सर' म्हणतोय, आणि टोपी कुठं ठेवायची ते कळेना म्हणून शेकोटीच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो, ती पडते, पकडतो, परत ठेवतो, परत पडते. पिप मनात चडफडतोय, कधी एकदा जातोय हा. आपल्याकडनं पुण्याला पोराच्या फ्लॅटवर गेलेल्या बापाला विचार ही टोपी काय असते. आणि पुढं पिप त्याच गावाकडं जातो तेव्हा ज्योच्या घरी उतरत नाही, लॉजवर उतरतो. एकच वाईट क्षण असं काही नाही तिथं, वर्षानुवर्षं नुसतं न जाणं.

शेवटी पिप आजारी पडतो, कर्जात बुडतो, ज्यो येऊन त्याची सेवा करतो, कर्ज फेडतो आणि तो बरा झाल्यावर एका पहाटे न सांगता निघून जातो. मग पिप ठरवतो, गावी जायचं, माफी मागायची, बिडी म्हणून लहानपणची मैत्रीण, तिला लग्नाचं विचारायचं, सगळा प्लॅन तयार. आणि जाऊन बघतो तर त्याच दिवशी ज्यो आणि बिडीचं लग्न झालेलं! मला तिथं दरवेळी हसू येतं आणि मग कसंतरी होतं. कारण ते खरं आहे रे. आपण माफीचा सीन मनात बसवत असतो तेवढ्यात त्यांचं आयुष्य पुढं गेलेलं असतं, आपल्याला न विचारता.

आणि 'हकलबेरी फिन'. मिसिसिपी नदीवर दाट धुक्यात हक आणि जिम वेगळे होतात. जिम हा पळालेला गुलाम, रात्रभर पोराला हाका मारून मारून थकतो, हक मेला समजून त्याचं काळीज फाटतं. धुकं विरल्यावर हक गुपचूप तराफ्यावर येतो आणि त्याला पटवतो की तसं काही झालंच नाही, तुला स्वप्न पडलं. मग जिम तराफ्यावर पडलेला पाला, कचरा, मोडलेलं वल्हं बघतो, हकच्या तोंडाकडं बघतो आणि तोंडावर सांगतो की दोस्ताच्या डोक्यावर घाण टाकून त्याला लाजवणारा माणूस म्हणजे कचराच. एवढं बोलून आत जातो. हकला जाऊन माफी मागायला पंधरा मिनिटं लागतात, तो स्वतःच सांगतो. लांबलचक काही नाही. हे पुस्तक मला का जवळचं वाटतं, तर इथं ज्याच्यावर अन्याय झाला तो बोलतो, आणि दुसरा गप्प उभा राहून ऐकतो.

(कोणीतरी म्हणणारच, आपल्या बेळगावचा लंपन कुठं राहिला मावशी. प्रकाश नारायण संतांचा लंपन मला ह्या सगळ्यांपेक्षा जवळचा, ती कन्नड मिसळलेली भाषा, ते 'म्याड', ती सुमी. पण लंपन मोठा होऊन मागं वळून हिशेब मांडत बसत नाही, तो त्या वयाच्या आतनंच बोलतो, म्हणून तुझ्या दुखण्यावर तो औषध नाही. तरी पुण्यात एकटं वाटलं तर वाच.)

आता माझं. मी कॉलेजात असताना माझी एक मैत्रीण होती बेळगावातल्या वडगावची, घरात विणायचे माग, दिवसभर खटाक-खटाक चालायचं, ओसरीवर रंगीत सुताच्या लडी टांगलेल्या. गॅदरिंगच्या नाटकात तिचं नाव आधी ठरलं होतं, मी सरांकडं जाऊन गोड बोलून तो रोल घेतला. मला ते वीस-बावीस वर्षं खात होतं. शेवटी एका लग्नात ती भेटली, तिला बाजूला घेऊन सांगितलं, डोळ्यात पाणीबिणी आणून. ती म्हणाली, कुठलं नाटक? तिला आठवतच नव्हतं. मी म्हटलं सुटले. तर ती थोडा वेळ पान चघळत गप्प बसली आणि म्हणाली, पण तू एकदा आमच्या घरी आलतीस आणि बाहेर येऊन सगळ्या पोरींसमोर म्हणालीस, बाई गं, ह्या आवाजात तुम्ही झोपता कसं, आणि सगळ्या हसल्या. त्यानंतर मी कुणालाच घरी बोलवलं नाही, लग्न होईपर्यंत. देवाशप्पथ सांगते, मला ते वाक्य आठवतच नव्हतं. अजून आठवत नाही. मी वीस वर्षं भलत्याच गुन्ह्यासाठी झुरत होते, आणि खरा गुन्हा तिच्याकडं होता, माझ्याकडं नव्हताच.

म्हणून तुला म्हणते, तुझी नाडी त्याच्या लक्षात असेलच असं नाही. चेन असेल. टमटम असेल, मला वाटतं टमटमच असणार, कारण नाडी बांधताना तू भ्यायलेला होतास, समोर चार बाप्ये, तू पंधरा वर्षांचा, त्या वयात भिणारं पोर मी वाईट म्हणणार नाही. पण पोरं निघून गेल्यावर गटारात हात घालून चेन काढायला तू थांबला नाहीस. आणि त्याच्याही पुढं, नोव्हेंबर ते परीक्षा, चार-पाच महिने तुम्ही एकाच वर्गात बसलात. त्या महिन्यांवर तुझ्या पत्रात एक ओळ आहे फक्त, की तो हाक मारायला यायचा बंद झाला. तू गेलास का हाक मारायला? कादंबऱ्यांना एक झाड, एक गल्ली, एक संध्याकाळ लागते, तिथं सगळं ठेवता येतं. खऱ्यात दोस्ती त्या संध्याकाळी मोडली नसेल, रोज सकाळी साडेआठला थोडी थोडी मोडली असेल, दोघं आपापल्या दारात उभे राहून.

तुझी चाळीस पानं म्हणून थांबव म्हणते. लिहू नको म्हणत नाही. पण ते चार किलोमीटर तुझ्याकडं नाहीतच ना. तू टमटममध्ये होतास. तो कुठं थांबला, कोण भेटलं, घरी आईला काय सांगितलं, चेन कुणी काढली, तुला काही माहीत नाही, आणि तू तिथं छान काहीतरी पाऊसबिऊस घातला असशील. नोव्हेंबरात.

आता 'तो विषय वेगळा'. वेगळा नाही रे तो. मला तर तोच विषय वाटला. दहा वर्षांपूर्वीच्या नाडीबद्दल तुला झोप येत नाही आणि परवा टाकलेल्या स्मायलीबद्दल येते? तीच पोरं, तोच शब्द, तोच दोस्त गप्प, आणि तू परत खाली बघायलास, फक्त आता बुटाऐवजी फोन आहे. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, कोर्टात २००४ पासून पडलाय, त्यात तुझं माझं मत काय ते असू दे, माझंही आहे आणि ते कडक आहे. पण चेन त्या पोराची होती, आणि आपल्याकडं अर्ध्या घरांत आजी कन्नड नाहीतर सून कन्नड, एक नोव्हेंबर सोडला तर बाजारात कोण कुठल्या भाषेत वांगी मोजतोय कुणी बघत नाही. ग्रुपवर मोठं भाषण देऊ नकोस, त्याला अजून लाज आणशील. नुसतं लिही, त्याला नाव आहे, नावानं बोलवा की. एवढंच. दोघं चिडतील, एखादा तुला पुणेकर झाला म्हणेल. म्हणू दे. आणि हे गणपतीच्या आधी कर, भेटायला जाताना दाखवायला म्हणून नाही, तर भेट झाली नाही तरी ते करायचंच आहे म्हणून.

मग भेट. कन्नड का नको, तर तुम्ही दोघं एकमेकांशी मराठीतच बोलायचा ना, मग एकदम कन्नड काढलंस तर ते नाटक होणार. जसं बोलायचा तसं बोल. कुंद्याची मिठाई घेऊन जाऊ नकोस, पाहुण्याकडं चाललास का? सकाळी जाऊ नकोस, सणाला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात, त्याची कामाची वेळ. दुपारी जेवायला बंद असेल, चारनंतर जा. बस तिथं टायरवर. तो जे विचारेल ते सांग, पगार बिगार सोडून. आणि मग, गिऱ्हाईक नसताना, एकच वाक्य, त्या दिवशी मी बघितलं होतं, नाडी सुटली नव्हती. 'मला माफ कर' जोडू नकोस त्याला, ते त्याच्यावर सोड. आणि गप्प बस. हे तुला अवघड जाणार, लिहिणाऱ्या माणसांना गप्प बसवत नाही. तो कुठली नाडी म्हणाला तर सांग कुठली. हसला तर हसू दे. शिव्या दिल्या तर खा. आणि तो जे सांगेल, चेनचं, टमटमचं, नाहीतर तुझ्या गावीही नसलेलं भलतंच काहीतरी, ते मध्ये न बोलता ऐक, खुलासा करू नकोस, 'पण मी तेव्हा लहान होतो' म्हणू नकोस. काहीच बोलला नाही आणि जॅक घेऊन गाडीखाली गेला, तर थोडा वेळ बस आणि ऊठ. दुसऱ्या दिवशी परत जा. दिवाळीला परत जा. पिप लॉजवर उतरायचा ते लक्षात ठेव.

आणि बूट घालून जाऊ नकोस. त्या पावसाच्या चिखलात असंही कोण बूट घालतंय, चप्पल घालून जा.